दोन्ही कागदांवर सही

बोगोमिरचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि मी त्याला एक ओळही लिहिली नव्हती. मोठं पत्र नव्हतं ते. लुब्लियानाला एकदा यायचं आहे, असं त्याने लिहिलं होतं. आपल्या गल्लीचं या लोकांनी काय केलं ते मरण्याआधी डोळ्यांनी बघायचं आहे. गाडी म्हणे आता दारापर्यंत येऊ देत नाहीत; उजवा गुडघा कामातून गेलाय, तर तुझ्या घरापर्यंत यायचं कसं ते कळव. आणि शेवटी, अक्षर जरा लहान करून: ‘त्सिरिल, इथे प्तुयला कुणीतरी मला सांगितलं की गाड्या बंद करा म्हणणाऱ्यांच्या यादीत तुझीही सही होती. मी त्याला वेड्यात काढलं. तुझी सही माझ्या कागदावर होती, मी पाहिली आहे. पण एकदा तू सांग.’

त्याच्या गुडघ्याबद्दल मी उलट टपाली लिहू शकलो असतो. शेवटच्या ओळीचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

बोगोमिर आमच्या गल्लीत खुर्च्या-कपाटं दुरुस्त करायचा. पांढरी व्हॅन होती त्याची. सतरा वर्षांपूर्वी जुन्या शहरातल्या गाड्या बंद करायचं घाटत होतं, तेव्हा तो विरोधाचा कागद घेऊन दारोदार फिरला. माझ्याकडे आला, पेन पुढे केलं, मी सही केली. तीन दिवसांनी शेजारच्या रोझालियाबाई गाड्या बंद करण्याच्या बाजूचा कागद घेऊन आल्या, पेन पुढे केलं. मी त्यावरही केली. माझा स्वभाव असा आहे. दुकानात नको असलेला बूट पायात घालून दिला तर तोच घेऊन घरी येतो. गाड्या बंद झाल्या, आणि वर्षभरात बोगोमिर काम आवरून मुलीकडे प्तुयला गेला. मोठमोठी कपाटं, सोफे हातगाडीवरून कोण आणणार?

गेल्या मंगळवारी मी ठरवलं की निदान गुडघ्याचं उत्तर तरी नीट शोधायचं. नदीकाठी कावालिर दिसली. या विजेच्या छोट्या हिरव्या गाड्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना फुकट नेतात, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. हात केला की थांबतात. हात वर करायला मला तीन गाड्या जाऊ द्याव्या लागल्या, कारण माझे पाय ठणठणीत आहेत आणि कुणाची तरी जागा अडवल्यासारखं वाटत होतं.

चौथी थांबली. चालवणाऱ्या बाईचं नाव निवेस. मागच्या बाकावर रोझालियाबाई बसल्या होत्या, मांडीवर बाजारातल्या मुळ्यांची जुडी.

“बसा काका. काय दुखतंय?” निवेसने विचारलं.

“काही नाही.”

“मग चालत जा की!” रोझालियाबाई म्हणाल्या. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, जीभ मात्र विशीतली. “अहो, रोज दोन पुस्तकं काखेत मारून पळत जाता, आज राजेसाहेब का?”

“एक मित्र यायचाय. गुडघा खराब आहे त्याचा. ही गाडी आमच्या दारापर्यंत येते का, पायरी किती उंच पडते, ते बघतोय.”

“येते ना,” निवेस म्हणाली. “स्टेशनवरून बसने पुलापाशी उतरवा, तिथून मला फोन करा. उचलून नेईन त्यांना.”

“कोण मित्र?” रोझालियाबाईंनी विचारलं.

“बोगोमिर.”

कारंज्याजवळ पोरं पाण्याच्या बाटल्या भरत होती, त्यांना वाट द्यायला निवेसने गाडी थांबवली. मग बाई म्हणाल्या, “अजून रागावलाय का माझ्यावर?”

“तुमच्यावर नाही. त्याला माझी शंका आहे. मी, म्हणजे, दोन्ही कागदांवर...”

“तुम्ही एकटेच होय?” बाई हसायला लागल्या. “वेडे आहात. एकवीस दारांपैकी एकोणीस दारांनी दोन्हीकडे सह्या केल्या होत्या. ओळी जुळवल्या होत्या मी. त्याला वाटत होतं तो जिंकणार, मला वाटत होतं मी.”

निवेसने मागे वळून पाहिलं. “म्हणजे अख्ख्या गल्लीत नाही म्हणणारं कुणी नव्हतंच?”

“होता की एक. बोगोमिर. मी कागद घेऊन गेले तर तोंडावर नाही म्हणाला. वर कॉफी पाजली, आणि माझ्या खुर्चीचा पाय डुगडुगतोय म्हणून लगेच बसवून दिला.” बाईंनी मुळ्याचं एक पान तोडून हातात चुरगाळलं. “लिहून टाका त्याला. सगळ्यांनीच केल्या होत्या, तुमचं काय घेऊन बसलाय.”

घरी येऊन मी तसंच लिहिलं. ‘बोगोमिर, एकोणीस दारांनी दोन्हीकडे सह्या केल्या होत्या, त्यात माझंही एक.’ छान वाटलं. वाचून पाहिलं आणि वाटेनासं झालं. त्याने एकोणीस दारांचं विचारलं नव्हतं. ते पत्र फाडलं आणि खाली जाऊन कागदाच्या डब्यात टाकून आलो. इथे रागाने फाडलेलं पत्रसुद्धा योग्य डब्यातच टाकावं लागतं.

दुसऱ्या पत्राला दोन दिवस लागले. त्यात मी लिहिलं:

‘होय, माझी सही दोन्हीकडे आहे. तुझ्या कागदावर केली ती भिडेखातर. रोझालियाबाईंच्या कागदावर केली ती मनापासून. तुझी व्हॅन रोज सकाळी माझ्या खिडकीखाली सुरू करून तू ती तापवत ठेवायचास, वाचताना एकेक ओळ मला तीनतीनदा वाचावी लागायची. खाली येऊन “जरा बंद कर रे” म्हणायचा धीर मला अकरा वर्षांत झाला नाही, म्हणून शहराकडून तुझी गाडी बंद करून घेतली. तुझं काम जावं असं मनात नव्हतं, पण तेवढा पुढचा विचारही मी केला नाही. आता खिडकी उघडी ठेवून वाचतो. समोरच्या छपरावर काळा पक्षी गातो. मला हे आवडतं आणि ते तुझ्यापासून लपवता येणार नाही. तुझ्या जागेत आता एक बाई सायकली दुरुस्त करते, हत्यारं भिंतीवर टांगून ठेवते, तू ठेवायचास तशीच. येशील का ते तू ठरव. पुलापासून दारापर्यंत हिरवी गाडी आहे, पायरी गुडघ्यापेक्षा खाली पडते, मी स्वतः चढून पाहिली. अक्रोडाची पोतित्सा भाजायला मला जमत नाही, विकत आणीन.’

पाकीट बंद केल्यावर वाटलं, फार लिहिलं. व्हॅनचं तरी काढायला हवं होतं. ते काढलं तर उरतं काय, हाही प्रश्न होता. कोट चढवला आणि खाली उतरलो.

टपालाची पिवळी पेटी कोपऱ्यावर आहे. तिच्यापाशी रोझालियाबाई गाडीची वाट पाहत उभ्या होत्या.

“लिहिलं का सगळ्यांचं?”

“नाही. माझंच लिहिलं.”

“आणि तो आलाच नाही तर?”

“तर नाही येणार.”

बाई पेटीसमोरून बाजूला झाल्या. मी पाकीट आत सरकवलं. ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकू आला.