एकवचन

आठ वर्षांनी बागेत एक खरी मधमाशी आली, सकाळी सव्वादहाला मेली, आणि एकेचाळीस बायकांच्या नोकऱ्या वाचल्या.

कागदोपत्री असं काही झालं नाही. झालं एवढंच, की सतराबाई शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी होती, डाव्या हाताने तिने सफरचंदाची फांदी खाली ओढली होती आणि उजव्या हातातला पिसांचा कुंचा ती एकेका फुलाला टेकवत होती. कुंचा परागाच्या बाटलीत बुडवायचा, फुलाला दोनदा लावायचा, पुढचं फूल. हजेरीपटावर तिचा नंबर सतरा आणि पद ‘कामकरी’. हा शब्द पूर्वी पोळ्यात राबणाऱ्या माशीचा होता. माश्या संपल्या, तेव्हा पद रिकामं राहू नये म्हणून खात्याने त्यावर बायका भरल्या. मुकादमीण आपोआपच राणीसाहेब झाली.

शेजारच्या शिडीवर अठराबाई. तिचं तोंड कुंच्यापेक्षा जोरात चालायचं.

“आमचा घरजावई काल म्हणतो, सासूबाई, आता डंख तेवढा बसवून घ्या. म्हटलं, कधीच बसवलाय बाबा, तुझ्यासाठी राखून ठेवलाय.”

सतराबाई हसली, आणि तेवढ्यात तिच्या कुंच्यावर काहीतरी येऊन बसलं.

आधी तिला वाटलं, वाळकं पान. मग पान चालू लागलं. मागच्या दोन्ही पायांना पिवळ्या गोळ्या होत्या. पिसांमधून ते असं निवांत हिंडत होतं, जणू मधली आठ वर्षं जरा बाजारात जाऊन आलं होतं.

परिपत्रक सगळ्यांना पाठ होतं. संडासाच्या दारावरसुद्धा ते चिकटवलेलं होतं. बागेत जिवंत मधमाशी आढळल्यास त्याच दिवशी कळवावे; बाग स्वयंपूर्ण समजून तेथील सर्व कामकरी पदे रद्द होतील. एका माशीने चार हजार झाडांचं काय होणार, हे अठराबाईने एकदा विचारलं होतं. राणीसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “‘मधमाशी’ लिहिलंय. एकवचन आहे.”

“काय गं, थांबलीस का?” अठराबाईने वळून विचारलं. तिच्या घरात खाणारी तोंडं पाच आणि कामाला जाणारी ती एकटी.

“काही नाही. पान पडलं,” सतराबाई म्हणाली आणि तिने मूठ मिटली.

तळहातात आग उठली. खिशात एक कोरी काडेपेटी होती. तिने काड्या खिशातच ओतल्या आणि पेटीत मेलेल्या माशीला जागा केली.

काडेपेटी नवऱ्यासाठी होती. नवरा एके काळचा मधपाळ. मागच्या अंगणात त्याच्या माश्यांच्या बारा पेट्या अजून ओळीत मांडलेल्या होत्या, बाराही रिकाम्या. रोज सकाळी तो त्या पुसायचा आणि शेजारी बशीत साखरेचं पाणी ठेवायचा. “येतील गं,” म्हणायचा, पाहुण्यांची गाडी चुकली असावी तसा. आणि या वसंतात त्याचं हे नवीनच निघालं होतं : येताना काडेपेटी आण.

“शेगडीला लायटर आहे, विडी सोडून दहा वर्षं झाली. काड्या खाता की काय?”

“कुरकुरीत लागतात,” तो म्हणाला होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा त्याने चहा टाकला होता. त्याला सांगायचं नाही, हे तिने वाटेतच ठरवलं होतं. कळलं असतं तर तो आनंदाने गल्लीभर ओरडत सुटला असता, आणि उद्या एकेचाळीस बायका घरी बसल्या असत्या. आठ वर्षं तो ज्या एका वाक्याची वाट बघत होता, ते तिने चहाबरोबर गिळलं.

“हात बघू,” तो म्हणाला.

तळहात टम्म फुगला होता.

“फांदीचा काटा लागला.”

सफरचंदाच्या त्या झाडांना काटे नव्हते, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. त्याने चष्मा चढवला, तिचा हात खिडकीपाशी उजेडात धरला आणि सुजेभोवती बोट फिरवलं.

“हा चिमटीत धरून ओढायचा नसतो,” तो म्हणाला. “विष आणखी आत जातं. नखाने असा आडवा खरवडायचा. काटा.”

“बरं.”

“एकच होता?”

“एकच.”

त्याने मान हलवली आणि तो कप विसळायला लागला. ओरडला नाही. कुठे, किती वाजता, कुठल्या बाजूने, काहीच विचारलं नाही. ती त्याच्या पाठीकडे बघत बसली.

उजेड होता तोवर ती खुरपं घेऊन मागे गेली. शेवटच्या पेटीखालची माती मऊ लागली, कोणी हल्लीच उकरल्यासारखी. बोटभर खोल गेल्यावर खुरपं पुठ्ठ्याला अडलं. काडेपेटी. तिच्या शेजारी दुसरी. एकूण सहा निघाल्या. तिने एक उघडली. आत कापूस नीट अंथरलेला होता, आणि कापसावर एक मधमाशी, मागच्या पायांना पिवळ्या गोळ्या. तिने ती होती तशी मिटली. बाकीच्या उघडल्या नाहीत.

खिशातली सातवी तिने त्यांच्याच ओळीत ठेवली आणि माती सारखी केली. बशीत साखरेचं पाणी काठोकाठ होतं.

“काडेपेटी आणलीस का गं?” आतून आवाज आला.

“विसरले. उद्या आणते.”

आत नळ बंद झाला.

“दोन आण,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीसाहेबांच्या टेबलावर सतराबाईचा एक अर्ज होता. बहराच्या दिवसांत रजा कोणालाही मिळत नसे. स्वतः मेलं तरी आधी झाड पुरं करावं लागतं, असं अठराबाई सांगायची. तरी अर्ज छापील नमुन्यातच होता आणि एकही रकाना कोरा नव्हता.

“महोदया, मृतांची संख्या : सात. मृतांचे पद : कामकरी. अर्जदाराशी नाते : सहकारी. मृतांची नावे हजेरीपटावर नसल्याने खातरजमा करण्याचे कष्ट घेऊ नयेत. तरी अर्जदारास पतीसमवेत दुखवटा पाळण्यासाठी अर्धा दिवस रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.”