प्रफुल्लचं घरचं बोलणं

प्रफुल्लवरची फिल्म दाखवणार होते, म्हणून मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. तो असता तर हसला असता. पोरगा नावाजलेला नट झाला आणि एकतिसाव्या वर्षी झोपेतच गेला. आता त्याच्या कार्यक्रमाला त्याचा बाप पाहुणा.

गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये मला पहिल्या रांगेत बसवलं. आधी भाषणं झाली. जो तो प्रफुल्लच्या शुद्ध वाणीचं कौतुक करत होता आणि माझं डोकं तापत होतं. ती वाणी त्याने मालिकांतल्या डॉक्टर-वकिलांसाठी घासूनपुसून कमावली होती. घरी तो आमच्या त्र्यंबकेश्वरकडच्या गावचंच बोलायचा. त्याची आई लवकर गेली. अंबडच्या कंपनीतून मी घरी आलो की आम्ही दोघंच. ते बोलणं ऐकलेला आता मी एकटा उरलोय.

म्हणून तर फिल्म करणाऱ्या निकिताला मी माझ्या मोबाइलवर काढलेला त्याचा घरचा व्हिडिओ दिला होता. "बाकी काहीही दाखव, पण हा ऐकव," असं बजावलं होतं. लोकांनी एकदा तरी माझा प्रफुल्ल ऐकावा, एवढंच मला हवं होतं.

फिल्म चांगली होती, खोटं कशाला बोलू? शेवटी शेवटी आमच्या घराची गॅलरी दिसली. बनियनवर उभा असलेला प्रफुल्ल दिसला. मी खुर्चीत पुढे सरकलो, तर बासरी वाजायला लागली.

मी शेजारी बसलेल्या निकिताकडे पाहिलं.

"मागे कुणाचा तरी मिक्सर चालू होता, काका," ती हळूच म्हणाली. "फार गोंगाट येत होता, म्हणून सगळा आवाजच काढला. छान वाटतंय ना?"

पोरीने मनापासून केलं होतं. लेन्सवर आलेलं माझं बोटसुद्धा तिने छाटून टाकलं होतं.

पडद्यावर प्रफुल्लचे ओठ हलत होते. तो काय म्हणतोय, ते भरलेल्या हॉलमध्ये मला एकट्यालाच कळत होतं. "अण्णा, बोट काढा, लय मोठं दिसतंय." मग तो हसला. मग कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "जेवले का नाय?"

"नाय रे," मी म्हणालो. "तुझ्यासाठीच थांबलोय."

मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं, "शू... काका, ऐकू द्या ना."