गुडघ्यांवरून फेकलेला चेंडू

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचं असं माझ्या लेकीने, कॉरिनने, जाहीर केलं आणि आमच्या गावात सल्लागारांचं पीक आलं. निवृत्त कर्नल हॅस्केल तिचा निबंध तपासून देत. अर्जासाठी अमेरिकी संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसमधल्या, आमच्या भागाच्या सदस्याची शिफारस लागते. त्यासाठीच्या मुलाखतीत खुर्चीवर कसं बसायचं, हेसुद्धा ग्रंथालयातल्या बाईंनी तिला शिकवलं. मला मात्र कोणी काही विचारलं नाही. मी छपरं घालतो. तीस वर्षं लोकांच्या डोक्यावर गुडघे टेकून काम करतोय, मला काय कळणार! खोटं कशाला बोलू, मी धुमसत होतो.

निबंध झाला, मुलाखत झाली, शिफारसही मिळाली. घोडं अडलं ते बास्केटबॉलपाशी. शारीरिक चाचणीत गुडघ्यांवर बसून एका हाताने चेंडू फेकायचा असतो, जमेल तितका लांब. कॉरिनचा बत्तीस फुटांपुढे जाईना. चाळीस तरी हवेत, असं कर्नलसाहेब म्हणाले होते.

शनिवारी दुपारी गॅरेजच्या दारावर धडाधड चेंडू आदळत होता. मी बाहेर आलो.

"दार मोडणार आहेस का?"

"डॅड, प्लीज, आत्ता नको. कर्नल म्हणाले दंडाची ताकद वाढव."

"कर्नलनी कधी गुडघ्यांवर बसून काही फेकलंय?"

"आणि तू फेकलंयस?"

"रोज! छपराच्या पलीकडच्या टोकाला माझ्या जोडीला लॉनी असतो. खिळ्यांची पाकिटं काय पोस्टाने पाठवतो त्याला?"

ती बघतच राहिली. मी तिथेच डांबरावर गुडघे टेकले.

"हाताने नाही फेकायचं. आधी टाचांवर बस. आता कमरेतून वळ, उठ आणि सोड. आणि जमिनीकडे काय बघतेस? ज्याला द्यायचंय त्याच्याकडे बघ."

जेवणाची वेळ टळली, राजमा-खिम्याची चिली गार झाली, आमचे दोघांचे गुडघे सोलले. आणि मी महिनाभरात हसलो नव्हतो तितका हसलो.

चाचणी शाळेच्या जिममध्ये, व्यायामशिक्षिका मिसेस प्रुइट यांच्यासमोर. तीन संधी. पहिला चेंडू चौतीस फूट. दुसरा छत्तीस. कॉरिन जमिनीवरच्या चाळिसाच्या पट्टीकडे डोळे लावून बसली होती.

मला राहवेना. उठलो आणि थेट पट्टीच्या बऱ्याच पलीकडे जाऊन उभा राहिलो.

"मिस्टर कुबियाक, काय चाललंय?" प्रुइटबाई ओरडल्या.

"पट्टीच्या पलीकडे उभं राहायला मनाई आहे का?" मी दोन्ही हात पसरले. "कॉरिन! खिळे संपले गं! लवकर!"

ती फस्सकन हसली. टाचांवर बसली, वळली, उठली. चेंडू पट्टीपलीकडे टप्पा घेऊन माझ्या छातीवर असा आदळला की मी तो कवटाळून मागच्या मागे बसलोच.

"पंचेचाळीस!" प्रुइटबाई स्वतःच टाळ्या पिटू लागल्या.

कॉरिन धावत येऊन गळ्यात पडली. "आधी का नाही सांगितलंस, डॅड?"

"आधी विचारलंस का?"

ती हसत होती, मीही हसत होतो. मग लक्षात आलं, आता ही जाणार. खरंच जाणार. आनंदाने आणि त्या विचाराने एकदमच डोळे भरून आले.

प्रुइटबाई तीनदा चेंडू मागायला आल्या. मी काही तो सोडला नाही.