गाठीतलं हाड

मौद्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून मला वीस वर्षं झाली, पण त्या रिपोर्टानं माझं डोकंच फिरवलं. सत्यवतीबाईंच्या नऊ वर्षांच्या कुत्रीच्या, चिंगीच्या, स्तनातून मी गाठ काढली होती. त्या गाठीत म्हणे हाड सापडलं! खाली लिहिलं होतं, बहुधा कर्करोग, फार वाईट जातीचा.

"काहून एवढा वेळ कागद पाहून राहिले जी?" बाई म्हणाल्या. "तिले तडपतानी पाहनं मले जमत नाही. कायमची झोपवाची सुई देऊन टाका."

चिंगी मात्र शेपटी हलवत माझी चप्पल हुंगत होती. एवढा आजार आणि एवढी टवटवीत? कुत्र्यांच्या गाठीत हाड होतं आणि ते बहुतेकदा वाईट नसतं, असं कॉलेजात वाचल्याचं अंधुक आठवत होतं. मग चुकलं कोण? बाईंना बाहेर बसवून मी नागपूरच्या लॅबला फोन लावला. लॅब माणसांची, पण नमुने मी तिथंच पाठवतो.

"सत्यवतीबाईंचा रिपोर्ट ना?" तिथल्या डॉ. हिमानी म्हणाल्या. "वेळ घालवू नका. बाईच्या स्तनात हाड म्हणजे..."

"बाईच्या कुठं? कुत्रीच्या!"

त्यांनी मला माझाच फॉर्म वाचून दाखवला. आमच्याकडे केसपेपर मालकाच्या नावानं निघतो. तेच नाव मी फॉर्मवर उतरवत आलो होतो आणि कुत्री हा शब्द कधी लिहिलाच नव्हता. स्वतःचा असा संताप आला की विचारू नका.

त्यांनी गाठीच्या नमुन्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासली. मी फोन धरूनच होतो.

"हाडाभोवतीच्या पेशी शांत आहेत. कुत्रीत ही साधी गाठ दिसते. जनावरांच्या तज्ज्ञालाही दाखवते, तोवर काही करू नका."

मी दारातूनच बाईंना सांगितलं, सुई द्यायची नाही. त्या तिथंच रडायला लागल्या.

"डॉक्टर, एक विचारू?" फोनवर हिमानी अडखळल्या. "मागच्या वर्षीही तुमच्याकडून असंच हाड आलं होतं. कवडू नावाचे पेशंट. पुरुषाच्या छातीत, म्हणून लक्षात राहिलं. कसे आहेत ते?"

कवडू ठणठणीत आहे. त्याच्या कुत्रीला, राणीला, मात्र तो रिपोर्ट वाचून त्याच दुपारी मी सुई दिली होती. तिचं डोकं कवडूनं मांडीवर धरलं होतं आणि जाताना त्यानं माझे आभारही मानले होते.

त्याचं घर दवाखान्यामागच्या गल्लीतच आहे. त्याला काय सांगू, सांगू की नको, मला काहीच सुचत नाहीये.