रुक्मिणीचा डबा

वसुधा मंडणगडला राहायला गेली तेव्हा नीलानं अख्ख्या सोसायटीला छातीठोक सांगितलं होतं, "वर्षभराची हौस आहे. येईल परत." मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर दोघींची दारं एकवीस वर्षं समोरासमोर. वसुधाच्या घराची दुसरी किल्ली नीलाच्या दारामागच्या खिळ्याला. दर शनिवारी नीला ते घर उघडायची, झाडायची, नळ सोडून बघायची आणि वर्ष संपायची वाट पाहायची.

आज वसुधा येणार होती. नीलानं सकाळीच तिच्याकडची लादी पुसली, गादीवर धुतलेली चादर घातली. परतायचं ठरलंच असणार. त्या आडगावात कोण दिवस काढणार? धड नाटक नाही, मोठा डॉक्टर नाही, तिन्हीसांजेला बाजार बंद.

वसुधा आली ती उन्हानं रापलेली, आणि चांगली दहा वर्षांनी लहान दिसत होती. हे नीलाला मुळीच आवडलं नाही.

"घे तुझा डबा. रिकामा कसा आणणार? काजूचे लाडू आहेत."

जाताना वाटेत खायला म्हणून नीलानं पुऱ्या भरून दिलेला तो स्टीलचा डबा. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे दोघींनी एकवीस वर्षं पाळलं होतं. नीलानं तो कौतुकानं हातात घेतला आणि कडेला कोरलेलं नाव वाचलं. रुक्मिणी चं. शिगवण.

"हा माझा नाही."

वसुधानं चष्मा सावरून पाहिलं आणि हसत सुटली. "अगं बाई! अदलाबदल झाली. तुझा डबा माझ्या शेजारणीकडे, रुक्मिणीकडे राहिला. रोज काही ना काही इकडून तिकडे चालूच असतं ना आमचं."

रोज! नीलाचा नुसता जळफळाट झाला.

"तिथल्या घराची किल्लीपण तिच्याकडेच ठेवतेस?"

"मग काय तुला कुरिअर करू?"

"एवढं आहे तरी काय गं तिथे?"

"इथे मी तीनशे चारवाली, नीला. लिफ्टमध्ये सगळे मोबाइलात डोकं घालून. तिथे चार पोरींना पेटी शिकवते, तर भाजीवालीसुद्धा पेटीबाई म्हणते. दोन दिवस दिसले नाही की गल्ली विचारायला येते. इथे मला नावानं हाक मारणारी तू एकटीच."

"म्हणजे मी एकटी पुरले नाही तुला."

बोलून गेल्यावर नीलाला स्वतःचीच लाज वाटली. तरी शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

"तसं नाही गं."

"तसंच आहे."

चहा संपता संपता वसुधानं खरं काम काढलं. घर भाड्यानं द्यायचं होतं. दुपारी एक जोडपं बघायला येणार होतं, त्यांना द्यायला दुसरी किल्लीही हवी होती. नीला उठली, खिळ्यावरची किल्ली काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

संध्याकाळी निघताना वसुधा म्हणाली, "तिचा डबा दे. तुझा पाठवून देते."

नीलानं नारळाच्या वड्या आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यात भरल्या. "या दे तुझ्या रुक्मिणीला. तिचा डबा इथेच राहील. माझा घेऊन तू स्वतः ये, मग मिळेल. कुरिअर चालणार नाही."

"लहान आहेस का तू?"

"हो, आहे."

वसुधा हसत गेली. नीलानं दार लावलं, डबा उघडला आणि उभ्या उभ्याच एक लाडू तोंडात टाकला. बिघडलेला असता तर बरं वाटलं असतं. तो चांगला झाला होता, आणि कसा गोल गरगरीत! वसुधाला जन्मात लाडू वळता आला नव्हता. एकवीस वर्षं तिचे लाडू नीलाच वळून द्यायची.

तिनं दुसरा उचलून पाहिला. तोही तसाच. मग सगळे लाडू ताटात काढले, डबा घासला आणि नाव भिंतीकडे करून फळीवर ठेवून दिला.