गोंदावरचं शून्य

सासऱ्यांच्या टेस्टिंग लॅबमध्ये सुनेच्या हाताचं कौतुक फार. इतकं, की तिला ते गळ्याशी आलं होतं. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला. तिलाही तिथे चांगली जागा मिळाली होती. पण "तू गेलीस तर ड्रिल कोण धरणार?" हे पालुपद ऐकून तिचे कान किटले. शेवटी सासऱ्यांनी शब्द दिला: धाकट्या दिराने गिऱ्हाइकाची एक मोजणी बिनचूक केली, की तू मोकळी.

मग काय, तिने दिराकडून सगळं घोटून घेतलं. थरावर थर चढवलेली वस्तू गार होताना ताण आतच कोंडून राहतो. वरून बघावं तर सगळं आलबेल, आणि एक दिवस थर तडकतो. त्यावर स्ट्रेन गेज नावाची पातळ पट्टी गोंदाने चिकटवायची आणि तिच्या मधोमध बारीक भोक हळूहळू खोल न्यायचं. ताण सुटतो, भोवतालचा भाग कणभर सरकतो, गेज ते टिपतं. फक्त ड्रिलचं टोक गोंद कापून थराला टेकेल, तिथूनच खोली मोजायला शून्य धरायचं.

आज लिफ्टच्या ब्रेकची थर चढवलेली चकती होती. सासरे खुर्ची ओढून बसले. दिराचा हात झकास चालला होता. तिने मनातल्या मनात बॅगसुद्धा भरून टाकली.

पहिला आकडा आला, जवळजवळ काहीच नाही. दुसराही तसाच. ती पडद्याकडे वाकली. पठ्ठ्याने शून्य गोंदावरच धरलं होतं! आता वरच्या थरात ताणच नाही, असा रिपोर्ट जाणार.

"वा, जमलं की!" सासरे म्हणाले. अधू नजरेमुळे त्यांना पडद्यावरचं धड दिसत नव्हतं.

गप्प बसली असती तर ती सुटली असती. तिला गप्प बसायचंच होतं. पण त्या लिफ्टमध्ये माणसं चढणार होती.

"थांबा, भावजी. शून्य गोंदावर धरलंत. दुसऱ्या जागी नव्याने करावं लागेल."

"बघ! म्हणूनच म्हणतो, तुझ्याशिवाय इथे पान हलत नाही," म्हणत सासरे खुशीत चहा सांगायला गेले.

ती दिराकडे वळली. "कालपर्यंत बरोबर करत होतात ना हो?"

दीर मान खाली घालून ड्रिल पुसत राहिला. "तुम्ही गेलात, वहिनी, की जन्मभर इथे मी. आणि तुम्ही बोलल्याशिवाय राहणार नाही, हे मला ठाऊक होतं."

तिला इतका संताप आला की हात थरथरायला लागले. थरथरत्या हाताने गेज नीट बसत नाही. म्हणून ती हात थांबेपर्यंत थांबली, आणि मग तिने नवं गेज उचललं.