बिजाच्या स्टुलाची बैठी कवायत

मित्रांनो, मी एक जुना स्टूल आहे. चार पाय आणि वर एक फळी. टेकायला पाठ नाही, धरायला दांडी नाही. माझ्या जातीतले बहुतेक जण पाण्याच्या माठाखाली आयुष्य काढतात. मी मात्र माणसांच्या कमरा सरळ केल्या. हे मी अभिमानाने सांगतो आहे. नम्रता बसवायची मला घडवणारा दुलीचंद मिस्त्री विसरला.

माझा जन्म सन एकोणपन्नासचा. लाकूड चिचगडच्या जंगलातल्या बिजाच्या झाडाचे, हात गोंदियाच्या दुलीचंद मिस्त्रीचे. तिथून मी एका दवाखान्यात लागलो. तिथे धानाची पोती उचलून कंबर धरलेले हमाल रोज यायचे. डॉक्टरसाहेब त्यांना माझ्यावर बसवत आणि बैठी कवायत सांगत. पाय जमिनीला टेकव, ताठ बस, कंबर हळूच मागे ने, पुढे आण. एक गुडघा उचल, ठेव. दुसरा उचल, ठेव. हात मांडीवरून सरकवत पुढे वाक आणि सावकाश वर ये. दुखले की थांब. सांगायचे डॉक्टरसाहेब, मोजायचे श्यामलाल कंपौंडर, आणि भार सोसायचो मी. हमाल म्हणायचे, "एवढ्याशा हालचालीने काय होते?" महिन्याभराने तेच पुन्हा पोती उचलायला जायचे आणि मला रामराम घालायचे विसरायचे.

छप्पन साली श्यामलाल निवृत्त झाला. दवाखान्यातून आठवण म्हणून काय हवे, असे विचारले तेव्हा त्याने मला मागितले. सगळे हसले. तो मला डोक्यावर घेऊन कामठ्याजवळच्या आपल्या गावी आला.

शेजारचे घर सुमित्राबाईचे. तिचा मुलगा बकाराम, सून रुख्मा. रुख्मा चिचगडची, म्हणजे माझ्याच माहेरची. रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, तिचा हात सगळ्यांत जलद. पण दोन वर्षांपूर्वी धानाचा भारा उचलताना कमरेत उसण भरली, ती गेलीच नाही. सकाळी उठायला तिला भिंत लागायची. अक्तीच्या सणाला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुमित्राबाईने निकाल दिला.

"आखाडात रोवणी लागंल. तवापर्यंत कंबर सुदी झाली त बरं. नाई त चिचगडले जाऊन राय. बापाच्या घरी आराम कर."

या आरामाचा अर्थ रुख्माला माहीत होता. गावातल्या प्रेमिलाला असाच आराम करायला माहेरी पाठवले होते. तीन वर्षे झाली, तिचा आराम अजून संपला नव्हता. बकाराम भला माणूस होता, पण आईपुढे त्याला नेमका खोकला यायचा. त्या दिवशी तो बराच वेळ खोकला.

श्यामलालला हे कळले तेव्हा तो मला घेऊन त्यांच्या गोठ्यात आला. गोठ्यात अशासाठी, की सासू भुईवर बसते त्या घरात सुनेने उंचावर बसायची रीत नव्हती.

"बेटी, पडून राहून कंबर आणखी अकडते. इस पर बैठो. आणि श्वास रोकना नहीं."

रुख्मा बसली. तिची उंची कमी, माझी जास्त. तिची फक्त बोटे टेकायची. तरी पंधरा दिवसांत ती भिंतीशिवाय उठू लागली. बघायला दोन बैल होते. त्यांनी कोणाला सांगितले नाही.

सुमित्राबाईने स्वतःच पाहिले. ती शेणाची टोपली घ्यायला आली आणि दारातच थांबली.

"मी भुईवर तांदूळ निवडून राहिली, अन् सून तहसीलदारीण होऊन वर बसून राहिली?"

श्यामलाल म्हणाला, "सुमित्राबाई, ये दवा है."

"दवा आहे त पाजा ना. बसवता कायले?"

मग तिने मला बोटाने वाजवून पाहिले. "कोन्तं लाकूड होय हे?"

"बिजा," श्यामलाल म्हणाला. तो खरे बोलला आणि घात झाला. आमच्याकडे बिजाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी औषध म्हणून पितात. सुमित्राबाईच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. औषध लाकडात आहे, तर सुनेला वर बसवायची गरजच काय?

श्यामलाल दुसऱ्या दिवशी लेकीकडे लग्नाला देवरीस गेला आणि माझा मागचा डावा पाय सहाणेवर आला. थोडे पाणी, थोडी घासाघीस, आणि तो लेप रुख्माच्या कमरेवर. सुमित्राबाई दुष्ट नव्हती. स्वतःचे हात दुखेपर्यंत ती मला उगाळायची. गावात बातमी पसरली. गावातला मनिराम वाटी घेऊन आला.

"मावशी, थोडासा पाय द्या ना. मले बी कंबर आहे."

"हा घे. पन हाच पाय उगाळ, दुसऱ्याले हात लावू नोको. याचाच गुन आहे."

दुसऱ्या पायांचा गुण कोणी पाहिला नव्हता, पण ते कोणी विचारले नाही. माझी कीर्ती कामठ्यापर्यंत पोचली. तीन आठवड्यांत मी एका अंगाने दोन बोटे लहान झालो. लोक मला हात जोडून जात. खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. फक्त माझ्यावर आता कोणी बसत नव्हते, आणि रुख्मा पुन्हा भिंत धरून उठू लागली होती.

श्यामलाल परतला, अंगणात आला आणि सवयीने माझ्यावर बसला. मी डावीकडे कललो. तो भुईवर पोचला. उठून त्याने माझा पाय पाहिला, सहाण पाहिली, मग सुमित्राबाईकडे पाहिले. तो काही बोलायच्या आत रुख्माच बोलली. सासूसमोर ती पहिल्यांदाच एवढे बोलली असेल.

"आत्याबाई, तुमचा लेप थंड लागते. तुमी लय मेहनत घेतली. पन लेप लावून मले उठता येत नाई. यावर बसून हलत होती, तवा उठता येत होतं. रोवणीले महिना उरला. मले चिचगडले नाई जायचं."

बकारामला खोकला आला. तो त्याने गिळला आणि म्हणाला, "माय, मी मिस्त्रीले घेऊन येतो."

दुलीचंद आला. लहान पाय मोठा होत नसतो, म्हणून त्याने बाकीचे तीन कापले. मी ठेंगणा झालो. रुख्मा बसली तर तिचे तळवे पूर्ण भुईला टेकले, गुडघे नीट काटकोनात आले. श्यामलाल गंभीरपणे म्हणाला, "मला असाच पाहिजे होता." मग त्याने अंगणातली बाज माझ्यासमोर ओढली. बाज आता माझ्यापेक्षा चार बोटे उंच होती. "सुमित्राबाई, तुम्ही इथे बसा. सून खाली, तुम्ही वर. मोजायचं काम मोठ्या माणसाचं असते."

सुमित्राबाई बाजेवर बसली. मोजायला बसलेले माणूस चुका काढतेच.

"सात. गुडघा अजून वर घे. आठ. वाकडी काऊन बसून राहिली? नऊ."

सकाळी दहा, संध्याकाळी दहा, रोज. एक दिवस रुख्माच्या पायाला मुंग्या आल्या तर सुमित्राबाईनेच तिला थांबवले.

आखाडात पाणी भरलेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणी लागली. बाया वाकून, मागे सरकत रोपे लावू लागल्या. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चिखलापासून वितीभर दूर. एक पट्टा झाला की रुख्मा वर येई, हात धुऊन माझ्यावर बसे, कवायत करी आणि परत उतरे. बायांना ते फार गमतीचे वाटले.

"आली वं तहसीलदारीण कचेरीत."

सुमित्राबाई वाकल्या वाकल्याच म्हणाली, "बसू दे तिले. संध्याकाळी तुमी कन्हत जासान, ते चालत जाईन." मग धुऱ्याकडे वळून, "दहा झाले का वं? मले सात आयकू आले."

रुख्माने त्या वर्षी सगळ्यांत जास्त पट्टे लावले नाहीत. चौथी आली. पण आठही दिवस ती बांधीत आली आणि आठही दिवस आपल्या पायांनी घरी गेली. रोवणी संपली त्या संध्याकाळी सुमित्राबाई बकारामला म्हणाली, "चिचगडले सांगावा धाड. पोरगी दिवाळीले येईन म्हन. चार दिवस राहून वापस येईन."

मग तिने स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. ती कंबर तीस वर्षांपासून दुखत होती. एवढ्या वर्षांत तिला कोणी विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते.

"ऊठ वं रुख्मा," ती म्हणाली. "मले बसू दे. कोन्ता पाय पहिले उचलाचा?"

रुख्मा बाजेवर टेकली आणि मोजू लागली. "एक. आत्याबाई, वाकड्या नोका बसू."

आज सन साठ आहे. माझ्या फळीला मधोमध खळगा पडला आहे आणि तो मला दुलीचंदच्या रंध्याहून जास्त आवडतो. मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. रंग दिला नाही तरी चालेल. हळदकुंकू तर नकोच. घरात कोणी कमरेवर हात ठेवून उठत असेल, तर माझ्यासारखा एखादा ठेंगणा स्टूल त्याच्यापुढे सरकवा, आणि तो बसला की तुम्ही समोर बसून मोजा. सावकाश मोजा. दुखले तर थांबवा. उद्या पुन्हा बोलवा.